पडद्याची आमची बाजू

टीव्हीवर कुणी बाई दारात उभी राहून रडायला लागली की मी रिमोट शोधते. सून म्हणते, "आई, थांबा की जरा, आत्ता कुठं रंगात आलंय." मी म्हणते, तुझं रंगात आलंय, माझं डोकं उठलंय. सासूनं छळलं, नवऱ्यानं हाकललं, बापानं दार लावलं, आणि ही बया दागिने घालून, केस नीट विंचरून, हुंदके देत तिथंच उभी. भाग संपला तरी उभी. दुसऱ्या दिवशी लावावं तर पुन्हा तिथंच. अगं, चालायला लाग ना, दोन्ही पाय शाबूत आहेत तुझे. सिनेमाबद्दल आणि मालिकांबद्दल माझं मत विचारायला कुणी येत नाही हे मला माहीत आहे. पण विचारलं नाही म्हणून मी कधी गप्प बसलेली नाही, आणि एकदा गप्प बसले नाही म्हणून आमच्या घरात काय झालं ते आज सांगून टाकते.

आमचं गाव शेवगावच्या पलीकडचं, कोरड्या बाजूचं. सुगीनंतर बाजारतळाच्या माळावर तंबू यायचा. ठिगळं लावलेलं कापड, चारी बाजूंनी दोर, आणि आत मधोमध पांढरा पडदा. मधोमध म्हणजे खरंच मधोमध. मशीनच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्याच्या पलीकडे आम्ही बायका. मशीनचा उजेड पडद्यावर पडायचा आणि त्यातून जेवढं झिरपेल तेवढं आमच्या वाट्याला. ते नीट झिरपावं म्हणून खेळाआधी पडद्यावर पाणी मारावं लागे. दुष्काळात तंबूवाल्याकडं पाणी कुठलं? मग बायकाच घरून तांब्या-तांब्या पाणी न्यायच्या. प्यायला टँकरची वाट बघणारं गाव, पण हिरॉइनीचं तोंड स्पष्ट दिसावं म्हणून पदराखाली तांब्या झाकून न्यायचं. आई बडबडायची आणि स्वतःच तांब्या भरायची.

मागून बघितल्यामुळं आम्हाला सगळं उलटं दिसायचं, आणि उलटं दिसतंय हे मात्र आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पाटीवरची अक्षरं उलटी असायची, पण आमच्यात वाचणाऱ्या किती, आणि ज्या वाचायच्या त्यांना वाटायचं सिनेमाची लिपीच वेगळी असेल. मला स्वतःला तसंच वाटायचं, आणि मी सातवीत पहिली आलेली मुलगी. हिरो डाव्या हातानं जेवायचा. डाव्या हातानं तलवार धरायचा. डाव्या हातानं बापाच्या पिंडाला पाणीसुद्धा सोडायचा. आमच्या शेजारच्या हौसाबाईचं ठाम मत होतं की शहरातली मोठी माणसं डाव्या हातानंच जेवतात, म्हणून त्यांना देव पावत नाही आणि शेवटी ती मरतात. पुरुषांनी आम्हाला कधी विचारलं नाही की तुम्हाला काय दिसतं, आणि आम्हीही त्यांना विचारलं नाही.

त्या काळी एक नटी होती, तिच्या गालावर तीळ होता. नाव सांगत नाही, तुमच्यातल्या म्हाताऱ्यांनी ओळखलंच असेल. तो तीळ आम्हाला उजव्या गालावर दिसायचा. माझी थोरली बहीण कमलआक्का तिच्यावर जीव टाकायची. तिच्यासारखा भांग, तिच्यासारखी मान तिरकी करून बोलणं. लग्न ठरल्यावर शेवगावच्या बाजारात गोंदणारीपुढं बसून तिनं उजव्या गालावर तसाच हिरवा ठिपका गोंदून घेतला. आईनं कपाळाला हात लावला. आण्णा, म्हणजे आमचे वडील, नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "बरा दिसतोय की." मलाही गोंदायचं होतं, तर मला धपाटा मिळाला.

आण्णांची पिठाची गिरणी होती, घराला लागूनच. आमच्या घराला शांतता अशी ठाऊकच नव्हती. ऑइल इंजिनच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा बसवलेला, तो सकाळपासून पुक पुक करायचा, आणि ते बंद पडलं की पाळण्यातलं पोर दचकून रडायचं. आण्णांच्या भुवया, कानावरचे केस, चपला, सगळं कायम पांढरं. एरवी गिरणीत बाजरीच्या गरम पिठाचा वास भरलेला असायचा, पण त्या दुष्काळाच्या साली बाजरी कुणाकडं होती? रेशनचा लाल मिलो, परदेशातली ज्वारी, यायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आम्ही पोरं चोरून खायचो, ती मात्र मला आजही आवडेल. घरात हुलगे असले तर आई शेंगोळी करायची. लसणाचा ठसका, वर कच्चं तेल. जगात त्याहून चांगलं काही असतं असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आणि आताही फारसं वाटत नाही.

गिरणीवर दळणाला बसलेल्या बायकांना सिनेमाची गोष्ट सांगायचं काम माझं. सगळ्यांना तंबूत जाता यायचं नाही. ज्यांना घरातून सोडायचे नाहीत त्या डबा घेऊन मुद्दाम माझ्या वेळेला यायच्या. इंजिनच्या आवाजात ओरडून सांगावं लागे, म्हणून माझा आवाज असा झालाय, सुनेला वाटतं मी भांडते. मी नुसती गोष्ट सांगायचे नाही. हिरो बावळट का, सासूला एक ठेवून द्यायला काय झालं होतं, गाणं म्हणायची ही वेळ होती का, हे सगळं मधेमधे यायचं. हौसाबाई म्हणायची, "गोष्टीपरीस हिच्या शिव्याच गोड लागत्यात." आणि एक गंमत होती. गोष्ट शेवटाला आली की नेमका इंजिनचा पट्टा उतरायचा. आण्णा इंजिन बंद करून, आमच्याकडे पाठ करून, पट्ट्याशी खुडबुडत बसायचे. गोष्ट संपली की पट्टा आपोआप चढायचा. सिनेमाबद्दल त्यांचं स्वतःचं म्हणणं एवढंच, "फडक्यावरच्या सावल्या बघायला डोळं कशाला फोडून घ्यायचं."

त्या दिवाळीला आक्का माहेरी आली ती उजव्या गालाला मोठा चट्टा घेऊन. तीळ होता तिथंच, बरोबर त्याच जागेवर, रुपयाएवढं कातडं जळून आक्रसलेलं. सांगितलं, की पाय घसरून चुलीवर पडले. तिचं सासर उसाच्या पट्ट्यातलं, कालव्याच्या पाण्यावरचं, खाऊनपिऊन सुखी. तिकडं तिला दिलं तेव्हा सगळं गाव म्हणालं होतं, कमलनं नशीब काढलं. माहेरी आल्यावरही आक्का दिवसभर कामाला जुंपलेली असायची, बोलायची नाही. एका दुपारी गिरणीमागं मिलो पाखडताना, इंजिनच्या आवाजात, तिनं माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं. सासूला तो तीळ खपत नव्हता. तमाशातल्या बाईसारखं तोंड रंगवून आमच्या घरात फिरायचं नाही, म्हणायची. एक दिवस तापलेल्या उलथन्याचं टोक टेकवलं. नवरा ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. "आण्णांना सांगू नको," आक्का म्हणाली, "त्यांना काय करता येणारे?" आईला ठाऊक होतं. आई रात्री तिच्या गालाला तूप लावायची आणि भिंतीकडं तोंड करून झोपायची.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाले तसा सासरहून निरोप आला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मामंजी न्यायला येतील. आण्णांनी निरोप ऐकला आणि म्हणाले, "जावं लागंल. किती दिस ठिवायची? लोकं इचारायला लागली." आक्कानं आपली एक पिशवी होती ती झटकली आणि खुंटीला लावली, भरायच्या तयारीत. मला त्या पिशवीकडं बघवत नव्हतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात तंबूत तो सिनेमा आला. नाव त्याचंही सांगत नाही, काढणाऱ्याचा कुणी नातू हयात असला तर उगाच त्याच्या मनाला लागायचं. पण मी जन्मात जेवढे सिनेमे बघितले त्यात इतका संताप दुसऱ्या कशानं आला नाही. त्यात तीच तीळवाली नटी. सासरी छळ होतो, ती पावसापाण्यात चालत बापाच्या दारी येते, बाप म्हणतो, ह्या घरातून तुझी डोली गेली, आता तू त्यांची, आणि दार लावून घेतो. ती परत जाते, मरते. मग बाप तिच्या पायाशी बसून लांबलचक गाणं म्हणतो. अख्खा तंबू रडला. हौसाबाईनं पदर पिळला. बाहेर पडताना सगळ्या म्हणत होत्या, काय बाप दाखवलाय, काय माया दाखवलीय.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर मी गोष्ट सांगायला बसले ती आधीच पेटलेली. आक्का कोपऱ्यात पिठाचे डबे बांधत होती. दार लावल्याचा प्रसंग आला आणि नेहमीसारखा पट्टा उतरला. इंजिन थांबलं. एरवी मी आवाज खाली आणायचे, त्या दिवशी भान राहिलं नाही. "कसली माया?" मी म्हणाले. "मेल्यावर गाणं म्हणायला काय अक्कल लागते? जित्तेपणी दार उघडलं असतं तर गाणंच म्हणावं लागलं नसतं. बापाला घरात दुसरी भाकर नव्हती का? लोकं काय म्हणतील म्हणून पोरीला मारलं त्यानं. सासूनं एकदा मारलं, ह्यानं दुसऱ्यांदा मारलं. असला बाप माझा असता तर मी त्याच्या दाराला धोंडा मारला असता." एवढं बोलून झाल्यावर मी आजूबाजूला बघितलं. हौसाबाई जमिनीकडं बघत होती. आक्काचा हात डब्यावर थबकला होता. आण्णा पाठमोरे होते, हातात पट्टा. बराच वेळ त्यांनी तो चढवलाच नाही. मग चढवला आणि इंजिन सुरू केलं.

मी चारचौघात बापाला बोलले होते, आणि कोणत्या बापाला बोलले ते तिथं बसलेल्या प्रत्येकीला समजलं होतं. दुपारी जेवताना आण्णांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "त्यो खेळ आज बी हाय का?" आईच्या हातातली पळी तशीच राहिली. आहे म्हणाली, आज शेवटचा. "मग जाऊ," आण्णा म्हणाले. "तुमी बी चला." आणि उद्या मामंजी यायचे होते.

दिवेलागणीच्या खेळाला आम्ही चौघं निघालो. आण्णांनी धुतलेला सदरा घातला होता, पण चपला त्याच, पिठानं पांढऱ्या. ते त्यांच्या बाजूला गेले, आम्ही आमच्या. आईनं तांब्यातलं पाणी पडद्यावर मारलं. पडदा जमिनीपासून वीतभर वर असायचा, आणि त्या फटीतून पलीकडच्या पहिल्या रांगेतले गुडघे आणि काढून ठेवलेल्या चपला दिसायच्या. तंबूत पहिल्यांदाच आलेला माणूस, जवळून चांगलं दिसेल असं वाटून अगदी पुढं बसला होता. मी त्या पांढऱ्या चपला ओळखल्या आणि मग सिनेमा बघितलाच नाही. वर काय चाललंय ते मला पाठ होतं. मी खाली बघत होते. गाणी झाली, लग्न झालं, सासू आली. गुडघे हलत नव्हते. नटी चालत बापाच्या दाराशी आली, सगळ्या बायकांनी पदर डोळ्याला लावले, आक्का मात्र कोरड्या डोळ्यांनी बघत होती. बापानं दार लावलं. त्याच क्षणी खाली एक हात आला, त्यानं चपला उचलल्या, आणि गुडघे दिसेनासे झाले.

आता संपलं, असं मला वाटलं. आण्णा रागानं उठून गेले. पोरगी एवढ्यासाठी आपल्याला बोलली हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं, आता घरी गेल्यावर मला मार आणि सकाळी आक्काची पिशवी. मी आईला म्हटलं, चल. आई म्हणाली, बस, शेवट राहिलाय. तिच्या त्या शेवटाला मी किती शिव्या दिल्या असतील. बाप गात होता, गात होता, आणि मी खालच्या रिकाम्या फटीकडं बघत होते.

खेळ सुटल्यावर आम्ही तिघी घराकडं निघालो. त्या दुष्काळात दिवे लागले की आमच्या दाराला आतून अडसर पडायचा, भुरट्या चोऱ्या फार व्हायच्या. गल्लीच्या तोंडापासून मला दिसलं, की दाराची दोन्ही फळकुटं सताड उघडी आहेत. ती वाऱ्यानं लागू नयेत म्हणून एकाला गिरणीतलं मोठं वजन आणि दुसऱ्याला जुन्या जात्याचा तुकडा लावलेला. उंबऱ्यावर कंदील. आत आण्णा भिंतीला टेकून बसलेले.

"मधीच उठून आलात?" आईनं विचारलं.

"त्यानं दार लावलं," आण्णा म्हणाले. "मला वाटलं, घरी जाऊन बघावं, आपलं उघडं हाय का न्हाई."

आक्का उंबऱ्याबाहेरच थांबली होती. आण्णा तिच्याकडं बघून म्हणाले, "कमळे, आत ये. तुला कुठं जायचं न्हाई." आक्का आत आली, कंदिलाशेजारी बसली आणि पहिल्यांदा म्हणाली काय, तर "आई, भूक लागलीय." आईनं शेंगोळी गरम केली. आक्कानं दोनदा मागून घेतली. मला इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना, आणि आण्णा म्हणाले, "हसतीस काय? तू उद्या कुनाच्या दाराला धोंडा मारनार हायेस ते सांग." मग सगळेच हसलो. खुंटीवरची पिशवी आईनं काढून चुलीपुढं अंथरली आणि त्यावर भांडी पालथी घातली.

मामंजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं आले. फेटा, हातात काठी, चेहऱ्यावर उपकार. आण्णांनी त्यांना गिरणीत पोत्यावर बसवलं, गुळाचा चहा दिला आणि सरळ सांगितलं, "पाव्हणं, पोरगी येनार न्हाई."

मामंजींना आधी समजलंच नाही. मग म्हणाले, चुलीवर पडली त्यात आमचा काय दोष.

"चुलीवर पडल्यावर मानसाचं तोंड भाजतंय," आण्णा म्हणाले. "नुस्ता तीळच कसा भाजला? इस्तवाला कळतंय व्हय, तीळ कुठं हाय ते?"

मामंजींनी कप खाली ठेवला. "लोकं काय म्हणतील ह्याचा इचार करा."

"लोकं माझ्याकडंच येत्यात दळायला. काय म्हणत्यात ते मला सगळ्यांच्या आधी कळतंय." एवढं बोलून आण्णांनी उठून इंजिन सुरू केलं. मामंजी पुढं बरंच काही बोलले असणार, कारण त्यांचे ओठ हलत होते आणि फेटा हलत होता, पण आम्हाला काही ऐकू आलं नाही. पुढं वर्षभर गावात काय काय बोललं गेलं, सोडचिठ्ठीसाठी किती हेलपाटे झाले, ते मी इथं लिहीत नाही. आक्का राहिली, आण्णांनंतर तिनंच गिरणी चालवली, आणि तिच्या भुवयाही तशाच पांढऱ्या झाल्या, एवढं पुरे.

त्या सिनेमाचं एक मात्र राहिलं. दोन-चार दिवसांनी जेवताना आण्णा सहज म्हणाले, "त्या बाईचा तीळ डाव्या गालावर हाय. कमळीनं उजवीकडं का गोंदला?" आम्ही तिघी एकदम म्हणालो, उजव्याच गालावर आहे. आण्णा म्हणाले, मी अगदी पुढं बसून बघितलाय. वाद इतका पेटला की हौसाबाईला साक्षीला बोलावलं, तिनंही उजवा सांगितला. मग आण्णांनी खांद्यावरचा पातळ पंचा दोन्ही हातांनी आमच्यामध्ये उजेडात धरला. त्याच्या एका कोपऱ्याला हळदीचा डाग होता. "माझ्या डाव्या हाताला डाग हाय. तुमच्या कुठल्या?" आम्ही बघितलं आणि गार पडलो. सगळ्यात जास्त वाईट हौसाबाईला वाटलं. "म्हंजे ती मानसं उजव्याच हातानं जेवत हुती?" असं ती बराच वेळ पुटपुटत होती.

पुढच्या बाजाराला आण्णा गिरणी बंद ठेवून आक्काला घेऊन शेवगावला गेले, मी मागं लागून गेले. गोंदणारी तीच होती, चिंचेखाली पाल ठोकून बसलेली. तिनं आक्काचा गाल बघितला, चट्ट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, जळक्या कातड्यावर रंग धरत नाही.

"तिकडं नगंच," आण्णा म्हणाले. "ते उलट्या बाजूनं झालं हुतं. आता हिकडं काढ, बरोबर बाजूला."

सुई टोचायला लागली तसं आक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आण्णांनी विचारलं, "रडतीस व्हय?"

"न्हाई आण्णा, टोचतंय."

"मंग चालंल," आण्णा म्हणाले, आणि ठिपका हलू नये म्हणून तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बसले. गोंदणारीनं सुई उचलली तेव्हा डाव्या गालावर हिरवा तीळ होता आणि उजव्या गालावरच्या चट्ट्याला आण्णांच्या हाताचं पीठ लागलं होतं.